दुर्गप्पाची चाळीस पावलं

देवळाच्या दारात चपला काढायच्या, दर्ग्याच्या दारात काढायच्या, विहाराच्या दारात काढायच्या, हे मला मान्य आहे. पण भर एप्रिलात, दुपारी बाराला, डांबरी सडकेच्या मधोमध चपला काढायला लावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव दुर्गप्पा. चर्चच्या फाटकापासून विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत मोजून चाळीस पावलं पाहुण्यानं चपला हातात घेऊन चालायचं आणि खांब आला की पुन्हा पायात घालायच्या. का, असं कुणी विचारलं की तो एवढंच म्हणायचा, "चाला गपचीप."

अशा माणसाचा राग येऊ नये तर काय करावं? मला तर तो रोज यायचा.

मी तेव्हा धाराशिवच्या एका दूध संघात सचिव होतो. सरकारी कागदावर गाव उस्मानाबाद होतं, पण बोलताना धाराशिवच. जुन्या गावात, चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत मी राहत असे. शेजारच्या दोन खोल्यांत मार्थाबाई राहायच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची उमर गेली, म्हणून सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. नवरा फार पूर्वी गेलेला. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे त्या गावातल्या कुणालाही बिनदिक्कत अरेतुरे करायच्या आणि लोक ऐकून घ्यायचे.

दुर्गप्पा राहायचा गावाबाहेर वडारवस्तीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा पाथरवट. साठीच्या आसपासचा, बुटका, काळा, पांढऱ्या मिशांचा. कधीतरी दगडाची कपची उडून डाव्या डोळ्यात गेली होती, तेव्हापासून तो डोळा कायम बारीक झालेला. त्यामुळे तो सदैव कुणावर तरी चिडलेला आहे असं वाटायचं. तो खरोखरच सदैव कुणावर तरी चिडलेला असायचा, त्यामुळे गैरसमज होण्याचा प्रश्न नव्हता.

सकाळची सोलापूर गाडी आली की हा स्टँडवर हजर. उतरणाऱ्यांच्या तोंडाकडे तो बघत नसे, शर्टाच्या खिशाकडे बघायचा. खिशाला पेन दिसलं की त्या माणसाची बॅग दुर्गप्पाच्या खांद्यावर गेलीच म्हणून समजा. त्याला पाहुण्याच्या जातीशी, हुद्द्याशी, कामाशी काहीएक देणंघेणं नव्हतं. औषधं विकणारे, विमावाले, मुलगी बघायला आलेले, कोर्टाच्या तारखेला आलेले, सगळे त्यानं गावभर फिरवले. पैसे घेत नसे, चहासुद्धा घेत नसे. पैसे घेतले असते तर निदान नको म्हणता आलं असतं, असं एक विमावाला माझ्याजवळ कळवळून म्हणाला होता.

फेरी ठरलेली असायची. आधी बारव, मग महादेवाचं देऊळ, मग जैनांचं मंदिर, मग बौद्धवाड्यातला नवा विहार, मग चर्च, मग ती चाळीस पावलं आणि शेवटी दर्गा. पण ही ठिकाणं दाखवायची त्याची तऱ्हा जगावेगळी होती. देवळात नेऊन तो पिंडीकडं पाठ करायचा. म्हणायचा, देवाकडं काय बगायलाव, देव सगळीकडं सारखाच, उंबऱ्याकडं बगा. मग तो उंबरा कुठल्या खाणीतला, कितव्या घावाला सरळ झाला, कुठं हात चुकला आणि कारागिरानं ती चूक फुलाखाली कशी झाकली, हे तो अशा चिडीनं सांगायचा, जणू ती चूक पाहुण्यानंच केली होती. विहाराला तेव्हा पत्र्याचं छप्पर होतं, पण पाया दुर्गप्पानं स्वतः घातला होता. तिथं पाहुण्याला गुडघ्यावर बसवून तो पाया बघायला लावायचा. शंका काढली तर उत्तर एकच, "दगडाला इचारा."

आणि दगडावर कुठंही अक्षर दिसलं, की पाहुण्याची खरी परीक्षा सुरू व्हायची.

"वाचा की. शाळा शिकलाव न्हवं?"

बारवेवर झिजलेलं बाळबोध आहे, देवळात जुनं कानडी आहे, दर्ग्यात फारसी आहे. विमावाल्यानं हे कसं वाचावं? पण दुर्गप्पाला ते मंजूर नसे. पेन आहे म्हणजे वाचता आलंच पाहिजे. वाचता आलं नाही की तो भडकायचा आणि वाचता आलं तर जास्तच भडकायचा. पाहुण्यानं अडखळत का होईना, "श्री... शके..." असं काही म्हटलं की दुर्गप्पा डोळे मिटून त्या अक्षरांवरून बोट फिरवायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "न्हाय. ते न्हाय." जणू शिलालेखानंच त्याला फसवलं होतं. स्वतःला त्याला अक्षरओळख शून्य. अंगठेबहाद्दर माणूस शिकलेल्यांचं वाचन तपासतो आणि नापास करतो, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याचं सगळ्यात मोठं वैर होतं ऑइलपेंटशी. कुणी कोरीव कामावर रंग फासला की हा तिथं जाऊन भांडायचा. महादेवाच्या पुजाऱ्याशी त्याचं यावरून कायमचं बोलणं तुटलं होतं. चर्चच्या दारावर अक्षरं कोरलेली एक पाटी होती, ती ख्रिसमसला कुणीतरी हौसेनं निळ्या रंगानं रंगवली. त्यानंतरच्या रविवारी दुर्गप्पा चर्चमध्ये शिरला आणि हाताची घडी घालून अख्खं प्रवचन संपेपर्यंत मागं उभा राहिला. चर्चची मंडळी म्हणजे दहा-बारा घरं. पाळकसाहेबांना वाटलं, माणसाला ओढ लागली. त्यांनी मोठ्या मायेनं काय हवंय म्हणून विचारलं. दुर्गप्पानं विचारलं, रंग कुणी दिला. मग त्या बिचाऱ्या हौशी माणसाला त्यानं भर चर्चमध्ये असं झापलं, की तो पुढचे दोन रविवार आलाच नाही. अक्षरं बुजवली, बोट शिरंना आत, असं काहीतरी तो बडबडत होता. वेड्याचं बोलणं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्या चाळीस पावलांचं तर गावानं वेगळंच करून ठेवलं. माणूस रोज तिथं चपला काढतो म्हणजे खाली काहीतरी असणारच. कुणी म्हणालं पीर आहे, कुणी म्हणालं देवी आहे. एक दिवस सडकेच्या कडेला शेंदूर लावलेला दगड आला. दुसऱ्या आठवड्यात शेजारी हिरवी चादर आली. उमरग्याकडे जाणारे ट्रकवाले गाडी हळू करून हात जोडायला लागले. एकदा तिथं नारळ फुटलेला बघून दुर्गप्पानं शेंदराचा दगड उचलून ओढ्यात टाकला आणि चादर घडी करून दर्ग्यात परत दिली. लोक म्हणाले, आता ह्याचं काही खरं नाही. त्याला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एका औषधवाल्याला अनवाणी चालवत होता.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यानं माझा माणूस पळवला.

आमच्या संघाचं दूध थंड करायचं यंत्र महिनाभर आजारी होतं. पाऊस नाही, वैरण नाही, जनावरं हडकलेली. त्यातून लोक तांब्या-तांब्यानं दूध आणून घालायचे आणि ते आमच्याकडे येऊन नासायचं. पुण्याला सतरा पत्रं लिहिल्यावर एक यंत्राचे जाणकार साहेब यायचं कबूल झाले. सकाळच्या गाडीनं येणार, दुपारच्या गाडीनं परत जाणार. मी जीप घेऊन स्टँडवर गेलो. जीप वाटेत दोनदा बंद पडली. पोचलो तर साहेब नाहीत. चहावाला म्हणाला, दुर्गप्पा घेऊन गेला, पेन होतं त्यांच्याकडं.

आधी बारवेवर गेलो, मग देवळात, मग विहारात. प्रत्येक ठिकाणी कळायचं, आत्ताच गेले. शेवटी ते मला सडकेवर सापडले. पुण्याचे यंत्रतज्ज्ञ एका हातात बूट आणि एका हातात मोजे घेऊन, डांबरावर एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत चालले होते आणि दुर्गप्पा मागून सांगत होता, अजून एकवीस ऱ्हायले. साहेब जीपमध्ये बसले ते तडक दुपारच्या गाडीत. यंत्र बघितलंच नाही. तळपायाला फोड आले होते आणि ते काही चूक बोलले असं मला म्हणता येणार नाही. त्या दिवशी आठ गावांचं दूध मी स्वतःच्या हातानं गटारात ओतलं.

ओतून झालं आणि मी तसाच तरातरा वडारवस्तीत गेलो. आज ह्याला सोडायचा नाही असं ठरवूनच गेलो.

दुर्गप्पा अंगणात नव्हता. त्याची बायको नागव्वा भाकरी थापत होती. मी तिच्यासमोरच आवाज चढवला. दूध, फोड, पुणे, सगळं एका दमात बोललो. ती थापतच राहिली. बोलताना मी पाय आपटला तो कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेल्या कशावर तरी लागला. गोणपाट सरकलं. खाली एक दगडी पाटी होती, हातभर लांब, वीतभर रुंद. कडेनं बारीक वेल कोरलेली. मधला भाग इतका गुळगुळीत, की बोट लावावंसं वाटावं. त्यावर एकही अक्षर नव्हतं.

"आठ साल झालं बगा," नागव्वा म्हणाली. "कोरा दगूड घासायलाय. अक्षर मिळंना."

मग तिनंच सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात दर्ग्याकडं जाणाऱ्या सडकेवर खडीचं काम निघालं होतं आणि दुर्गप्पा तिथं मुकादम होता. बाया दिवसभर दगड फोडायच्या आणि संध्याकाळी साहेब लाकडी पेटी लावून खडीचं माप घ्यायचा. पेटी भरली तर दिवस भरला, नाही भरली तर दिवस फुकट. एक दिवस खाणीतून दगडाचा ट्रकच आला नाही. साहेब मात्र येणार होता. चाळीस बाया हातात हातोडे घेऊन नुसत्या बसलेल्या. समोर मिशनचं जुनं कब्रस्तान, त्याची भिंत कधीची पडलेली. दुर्गप्पा म्हणाला, पडक्या भिंतीचेच दगड आहेत, कुणाचे कोण विचारतंय, फोडा. त्या ढिगात भिंतीखाली पालथी पडलेली एक लहान पाटी होती. ती जाड निघाली, बायांना फुटेना, म्हणून त्यानं स्वतः घण मारला. दोन तुकडे झाल्यावर अर्धा तुकडा उलटा झाला. त्यावर अक्षरं होती आणि कडेनं वेल होती. वेल बघून त्यानं ओळखलं, हे आपल्या बापाचं काम आहे. गावात तशी वेल दुसऱ्या कुणाचीच नव्हती. बापानं ती पाटी कुणासाठी केली होती, हेही त्याला ठाऊक होतं. सिस्टरबाईंचं पहिलं आणि शेवटचं लेकरू अकरा दिवसांचं होऊन गेलं, त्याच्यासाठी.

"माझी चारी लेकरं तिच्या हातावर झाली," नागव्वा म्हणाली. एवढं बोलून ती पुन्हा भाकरीकडं वळली.

ती खडी त्याच सडकेत गेली. चर्चच्या फाटकापासून तिसऱ्या खांबापर्यंतचा तुकडा त्या दिवसाच्या मापाचा.

मला भयंकर राग आला. कुणाचा ते चटकन कळेना. दुर्गप्पाचा यावा तर चाळीस बाया डोळ्यांसमोर यायच्या. उपाशी माणसासमोर पेटी ठेवून आधी ही भर म्हणणाऱ्यांचा आला, आणि तो आजही गेलेला नाही. तेवढ्यात दुर्गप्पा आला. गोणपाट सरकलेलं बघून त्यानं आधी माझ्याकडं आणि मग बायकोकडं बघितलं आणि मला म्हणाला, दूध सांडायला आलाव का भांडायला? मी म्हणालो, भांडायला. आणि खरंच भांडलो. म्हणालो, अहो, आठ वर्षं गावभर बोट फिरवत काय हिंडताय? नाव पाहिजे ना? सिस्टरबाईंना विचारा. नाहीतर पाळकांना विचारा.

पाळक तीन-चार वर्षांनी बदलतात, आताच्याला काय माहीत, असं तो म्हणाला. आणि सिस्टरबाईला विचारलं तर ती विचारील, तुला कशाला पाहिजे. मग काय सांगू? त्याला आठवत होतं ते एवढंच, की अंधार पडत आला होता, डोळ्यांनी नीट दिसलं नाही, पण बोटाला लागलं. तीन अक्षरं. पहिल्याला खाली शेपूट, दुसऱ्याला पोट, तिसऱ्याच्या डोक्यावर शेंडी. तशी अक्षरं एका ओळीत कुठं सापडतात का आणि सापडली तर त्यांना काय म्हणतात, हे तो आठ वर्षं खिशाला पेन असलेल्या प्रत्येक माणसाकडून वाचून घेत होता.

मी कपाळावर हात मारला. आणि मला ठाऊक असलेली गोष्ट त्याला सांगितली. सिस्टरबाई येत्या सोमवारी जाणार होत्या. सोलापूरला भाच्याकडे, कायमच्या. सामान बांधून झालं होतं. मी म्हणालो, दुर्गप्पा, सोमवारनंतर हे नाव सांगणारं माणूस या गावात राहणार नाही.

त्यानं पाटीवर गोणपाट नीट ओढलं आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी तो स्टँडवर आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही. पेनवाले पाहुणे कुणीही न अडवता रिक्षात बसून गेले. शनिवारी मला राहवलं नाही. मी शेजारी गेलो आणि सिस्टरबाईंसमोर आडून आडून विषय काढला. म्हटलं, तुमच्या त्या लेकराचं नाव काय होतं हो? त्या ट्रंकेत साड्या लावत होत्या. हातातली साडी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी एकदम शाळेतलं पोरगं झालो.

"त्यानं पाठवलं का तुम्हाला?"

मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, त्या दिवशी संध्याकाळी बायांना खायला सुकडी वाटायला मीच गेले होते. तो घण घालत होता, मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बायांच्या पोटात दोन दिवस काही नव्हतं, त्या पेटीकडं बघत होत्या. मी काय बोलणार होते? बोलले नाही. पण त्यानं यावं की नाही? इतकं बोलताना त्यांचा आवाज चढत गेला. रोज माझ्या दारावरून जातो. मुंबईच्या माणसांना, पुण्याच्या माणसांना गाव दाखवतो. माझ्या डोळ्यांसमोर चर्च दाखवतो. माझं दार त्याला दिसत नाही. तीन साडेतीन हजार वेळा तो इथून गेला असेल आणि तितक्यांदा मला त्याचा राग आलाय. नाव हवं तर त्यानं यावं. तुमच्या हाती मी पाठवणार नाही, आणि मध्ये पडाल तर तुमच्याशीही बोलणार नाही.

मी घरी आलो. पण मध्ये न पडणं माझ्या स्वभावात नाही. रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, वडारवस्तीत गेलो आणि दुर्गप्पाला म्हणालो, तीन वर्षं झाली या गावात, मला तुम्ही कधी गाव दाखवलं नाहीत. चला. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं. त्याला नाही म्हणता येईना. पेनवाल्याला नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

आम्ही बारव बघितली, देऊळ बघितलं, मंदिर बघितलं, विहाराचा पाया बघितला. तो माझ्यावर एकदाही चिडला नाही. कुठं काही वाचायला लावलं नाही. दुर्गप्पा न चिडता गाव दाखवतोय, हे बघवत नव्हतं.

चर्चपाशी आलो. प्रार्थना संपून मंडळी घरी गेली होती. सिस्टरबाई आपल्या ओट्यावर उभ्या होत्या. त्या ओट्यावरून खाली उतरल्या. दवाखान्यात असताना नोंदी करायला वापरायच्या ते पेन त्यांच्या हातात होतं. ते दुर्गप्पाला दिसेल असं धरून त्या म्हणाल्या, "मलाही दाखव गाव. चाळीस वर्षं राहिले, कुणी दाखवलं नाही."

दुर्गप्पा जागचा हलेना. मग पुढं निघाला. आम्ही त्याच्या मागं. फाटक संपलं, डांबर सुरू झालं. त्यानं मागं वळून काही सांगायच्या आत सिस्टरबाई वाकल्या, दोन्ही चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

ते बघून दुर्गप्पा सडकेवरच खाली बसला.

"सिस्टरबाई, पयले दोन घाव ठाऊक नसताना घातले," तो म्हणाला. "तिसरा ठाऊक असून घातला. बाया बसल्या हुत्या."

"माहीत आहे. मी तिथंच होते."

तो वर बघेना. त्या अनवाणी तशाच उभ्या होत्या आणि ऊन तापलेलं होतं. मला वाटलं आता त्या म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं विसर. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

"माझा राग गेलेला नाही, दुर्गप्पा. जाणारही नाही. हात पुढं कर."

त्यानं हात पुढं केला. दगडासारखाच हात तो, त्यावर शाई धरेना. त्यांनी पेन दाबून तीन-तीनदा गिरवलं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. सुवार्ता. अकरा दिवसांच्या मुलीचं नाव.

दुर्गप्पा पहिल्या अक्षरावरून बोट फिरवत म्हणाला, शेपूट. मग म्हणाला, पोट. मग म्हणाला, शेंडी. मग रडला. मीही रडलो, आणि डोळे पुसता पुसता मला त्या दोघांचाही राग आला. एका भिंतीच्या अंतरावर आठ वर्षं.

ते नाव पाटीवर रेखून होईपर्यंत पुसू नये म्हणून दुर्गप्पानं उजवी मूठ उघडली नाही आणि तो हात पाण्यात घातला नाही. नागव्वा त्याला शिव्या देत देत घास भरवत होती, असं वस्तीतले सांगत होते. सिस्टरबाईंनी सोमवारची गाडी सोडली. मंगळवारचीही सोडली. बुधवारी सकाळी कब्रस्तानात पाटी बसली. सिस्टरबाईंनी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं, वेलीचं एक पान त्याच्या बापाच्या पानाइतकं बारीक आलं नाही म्हणून सुनावलं आणि दुपारच्या गाडीनं गेल्या. ट्रंक गाडीच्या टपावर दुर्गप्पानं चढवली. कंडक्टरनं नीट बांधली नाही म्हणून तो कंडक्टरशी भांडला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

यंत्राचे दुसरे साहेब महिन्यानं आले. त्यांना मी पेन खिशातून काढून बॅगेत ठेवायला आधीच पत्रानं कळवलं होतं.

पुढं माझी बदली झाली. चार-पाच वर्षांनी बायकोला घेऊन गेलो तेव्हा दुर्गप्पा स्टँडवर होता. आणखी वाकला होता, डोळा आणखी बारीक झाला होता. बायकोच्या पर्सला पेन अडकवलेलं त्यानं बरोबर हेरलं. फेरी झाली. बायकोला बारवेवरचं वाचता आलं नाही म्हणून तिला बोलणी बसली. चाळीस पावलं झाली, तिचे पाय भाजले, ती माझ्यावर चिडली. फेरीत आता एक ठिकाण वाढलं होतं. तो आम्हाला कब्रस्तानात घेऊन गेला. भिंत नीट बांधलेली होती, ती कुणी बांधली ते विचारावं लागलं नाही.

पाटी दिसल्यावर बायको सवयीनं वाकली. आतापर्यंत प्रत्येक दगड तिच्याकडून वाचून घेतला होता, तेव्हा हाही वाचायचा असणार, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं तोच दुर्गप्पानं आपला रुंद, खरबरीत पंजा अक्षरांवर आडवा ठेवला.

"थांबा बाई," तो म्हणाला. "हे म्या वाचतो."

आणि डोळे मिटून, एकेका अक्षरातून बोट फिरवत, त्याला येत असलेला तेवढा एकच शब्द त्यानं आम्हाला सावकाश वाचून दाखवला.